रशियनमध्ये, अहो

सबनीस मॅडमच्या क्लासला गेलं की आधी कोंडून घ्यावं लागायचं. सगळे आले की त्या सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालायच्या, चावी गळ्यातल्या दोरीला अडकवायच्या आणि मग शिकवायला लागायच्या. मध्येच बाहेर जायचं असेल तर रशियनमध्ये विचारायचं: ‘अत्क्रोइते, पझालुस्ता, द्वेर.’ कृपया दार उघडा. एवढं बोलल्याशिवाय सुटका नाही.

आमच्या औषध कंपनीला रशियन गिऱ्हाईक मिळालं आणि साहेबांनी मला, पंचेचाळिशीच्या बाईला, नवी भाषा शिकायला पिटाळलं. क्लास आमच्याच इंद्रलोक कॉलनीत, मॅडमच्या घरीच, माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये. त्यामुळे लांब पडतं असंही म्हणता येईना. बाकीची मुलं रशियात डॉक्टर व्हायला निघालेली. त्यातला धवल पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आला.

“मॅडम, प्लीज, मेरी बस निकल जाएगी!”

“रशियनमध्ये,” मॅडम फळा पुसत म्हणाल्या.

तोडकंमोडकं बोललं तरी त्यांना चालायचं. “चुकलात तर मी आहे ना! गप्प बसलात तर मी काय करणार?” हे त्यांचं पालुपद. मुलं जेमतेम वाक्यं जुळवायला लागली की विमानात बसायची आणि मॅडम नव्या मुलांना घेऊन पुन्हा मुळाक्षरांपाशी. स्वतः त्या रशियाला एकदाही गेल्या नव्हत्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले असत. इस्त्रीची पँट, पायात बूट, मांडीवर कापडी पिशवी. त्यांना आता फारसं काही आठवत नसे. मध्येच उठून दाराशी जायचे.

“मला घरी जायचंय.”

“रशियनमध्ये, अहो,” मॅडम हसून म्हणायच्या. आम्हीही हसायचो. ते बिचारे परत खुर्चीत जाऊन बसायचे.

मला ही सगळी शिकवायची पद्धत वाटायची. एकदा क्लास सुटल्यावर चहा पिताना मी मॅडमचं त्याबद्दल कौतुक केलं, तर त्यांनी कप खाली ठेवला.

“पद्धत कसली गं! एका दुपारी माझा डोळा लागला आणि हे बसमध्ये बसून थेट शेवटच्या स्टॉपला, डोंगरी गावात. तिथल्या एका बाईने ओट्यावर बसवून ठेवलं होतं. खिशात माझा नंबर होता म्हणून फोन तरी आला. म्हणाली, ‘घर कुठं हाय इचारलं, तर सांगत न्हाय.’ तेव्हापासून हे कुलूप. लावायचंच आहे, तर त्या निमित्ताने मुलांना एक वाक्य तरी येईल.” मग गळ्यातली चावी चाचपत म्हणाल्या, “शेजाऱ्यांना वाटतं, मी यांना कोंडून ठेवलंय. मी काय बाहेर आहे?”

त्यानंतर ‘रशियनमध्ये, अहो’ ऐकून मला हसू येईना.

एका संध्याकाळी धवल फळ्यावर लिहीत असताना यजमान उठले. दाराशी गेले. मुलं सवयीने हसायच्या तयारीत.

“अत्क्रोइते,” ते म्हणाले. थांबले. ओठ हलत राहिले. “पझालुस्ता. द्वेर.”

कुणाला हसू फुटलं नाही. मला वाटलं, मॅडम आता काहीतरी सांगून त्यांना खाली बसवतील. आई लहान मुलाला फसवते तसं. त्यांनी गळ्यातली चावी काढली.

“हराशो,” त्या म्हणाल्या. छान. आम्हा प्रत्येकाला म्हणायच्या तसंच.

चावी कुलपात जाईना. धवल पुढे झाला.

“मैं खोलूं, मॅडम?”

“नको. त्यांनी मला विचारलंय.”

त्यांनी दार उघडलं, पायात चपला सरकवल्या आणि यजमानांचा हात धरला. “कुठे जायचं?”

“घरी.”

“चला.”

जिन्यावरून दोघांची पावलं खाली खाली जात राहिली. मागे दार सताड उघडं होतं. बस चुकेल म्हणून रोज दाराशी आधी पळणारा धवलसुद्धा जागचा हलला नाही.