व्याह्यांची डबल बेल

सगळं आयुष्य उभ्यानं काढलेला असा एकच माणूस मी या दुनियेत पाहिला, आणि तो म्हणजे आमचे व्याही. माझ्या लेकीचे सासरे. एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्यांना खुर्ची दिली की ते तिच्या पाठीला हात लावून उभे राहतात. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि भांडण तर उभ्यानंच. घरात चालताना त्यांचा एक हात आपोआप वर जातो, दांडा धरायला. दांडा नसतो, मग पत्र्याखालचा वासा धरतात. माझी लेक सांगते, त्या वाशाला एका जागी तेल लावल्यासारखी चमक आली आहे. बरं, माणूस स्वभावानं तापट नाही, उलट फार मायाळू. पण चार माणसं एका जागी दिसली की त्यांच्यातला कंडक्टर जागा होतो. लग्नात मांडवात गर्दी झाली, तेव्हा वरबाप म्हणून ह्यांनी फेटा बांधून सोफ्यावर बसायचं, तर हे मधोमध उभे राहून ओरडताहेत, "पुढं सरका, पुढं सरका, मधी लई जागा हाय!" आणि काय सांगू, आमच्याकडचे पाहुणे हातातली ताटं घेऊन खरंच पुढं सरकले.

त्याच लग्नातली एक गोष्ट मात्र मी पुष्कळ वर्षं मनात धरून ठेवली होती. लेक सासरी निघाली. माझ्या गळ्यात पडून रडत होती. अशा वेळी बाकीची माणसं जरा बाजूला होतात, आपापले डोळे पुसतात. ह्यांनी गाडीत डोकी मोजली, लेकीला अलगद आत बसवलं, दार लावलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. धप, धप. झालं! ड्रायव्हरनं गाडी काढली. माझा हात अजून खिडकीत होता आणि गाडी वळणाला लागली. पुढं कधीतरी मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "इहीनबाई, सोडाया आलेल्यांची तोंडं बगत बसलं तर गाडी कदीच सुटत न्हाई. बत्तीस वर्षं हेच बगितलंय मी."

मी राहते नेकनूरला, आणि त्यांची वस्ती डोंगराच्या पलीकडं. मोठ्या रस्त्यानं यायचं तर भला मोठा वळसा, आणि त्या रस्त्यावर ट्रका, आणि उसाच्या दिवसात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गाणी एवढी मोठ्यानं लावलेले की मागून कोण आलं ह्याचा पत्ता नाही. पण डोंगरातून एक पायवाट आहे. वनखात्याच्या रानातून जाते. दोन्ही बाजूंनी सीताफळीची झाडं, तरवड, बोरी, मधेच एखादा मोर. त्या वाटेनं शेळ्या जातात, सरपणाला बाया जातात, साखर वाढलेली माणसं सकाळी फिरायला जातात. आमची नात ऋतुजा आठवीत गेली तेव्हा तिला आणि वस्तीवरच्या इतर पोरींना आमच्या नेकनूरच्या शाळेतून सायकली मिळाल्या, आणि त्या वाटेवर चाकंही आली. पहिल्याच आठवड्यात ऋतुजाची ओढणी चाकात गुंतली आणि ती बोरीत जाऊन पडली. तिच्या अंगातले काटे काढताना व्याह्यांनी जाहीर केलं, "आता शिस्त लावावी लागंल."

मग दर रविवारी सकाळी मैदानात त्यांची शाळा भरायला लागली. चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखला, चौक आखला, एक वळणही आखलं. प्रत्येक पोरीनं आधी आपल्या सायकलीला एक फेरी मारायची आणि साहेबांना उत्तरं द्यायची. "ब्रेक?" "हाय!" "हवा?" "हाय!" "चेन?" "हाय!" "ओढणी?" "बांदली!" ओढणीची गाठ कमरेला नसेल तर ती पोर त्या दिवशी पायी. ट्रॉल्यांना लावतात ते लाल रेडियम त्यांनी कुठून तरी मिळवलं आणि सायकलींना इतकं चिकटवलं की ह्या पोरी शाळेत चालल्यात का ऊस घेऊन कारखान्यावर, काही कळायचं नाही. वाटेचेही नियम केले. बाजूनं नवीन वाट पाडायची नाही, गवत मरतं. चिखल असला तर उतरून मधूनच जायचं, कडेनं गेलं की वाट रुंदावते आणि पुढच्या पावसात ओढा होते. स्वतः खोरं घेऊन दगडगोटे काढायचे. हे सगळं शिकवताना ते स्वतः मात्र कधी सायकलवर बसले नाहीत. एका हातानं कॅरियर धरून मागं पळायचे. मला वाटायचं, मोठा मास्तर कुठं स्वतः गणितं सोडवत बसतो.

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम होता घंटीचा. एक वाजवली की थांबा, दोन वाजवल्या की चला. मी म्हणाले, "अहो इवाई, सायकलची घंटी बाजूला सरा म्हणून असते." तर मलाच म्हणाले, "इहीनबाई, आपल्या मुलखात ल्हान लेकराला बी डबल बेल कळती. जे येतंय तेच शिकवायचं, दुसरं कावून शिकवायचं?" आणि फक्त पोरींनाच नाही, त्या वाटेवरच्या प्रत्येकाला त्यांनी उभं करून हे समजावलं. फिरणाऱ्यांना, सरपणवाल्यांना आणि गोदामावशीलासुद्धा.

गोदामावशी म्हणजे त्या डोंगरावर जन्मभर शेळ्या वळणारी बाई. जीभ तिखट, कान तयार. वाटेवर एका जागी खडकाला वळसा आहे, इकडचं तिकडं दिसत नाही. एका सकाळी इकडून ऋतुजा आली. नियमाप्रमाणं थांबली. नियमाप्रमाणं दोन घंट्या दिल्या आणि निघाली. खडकाच्या पलीकडं गोदामावशीही नियमाप्रमाणं थांबलेली होती. तिनं डबल बेल ऐकली आणि तीही शेळ्या घेऊन निघाली! जन्मभर एस.टी.नं बाजार केलेली बाई, डबल झाल्यावर थांबेल कशी? बेल एकच, आणि ती दोघींनी इमानानं पाळली. मधोमध सायकल, शेळ्या, मावशी आणि ऋतुजा असा एक ढीग झाला. ऋतुजाचा गुडघा फुटला आणि मावशीचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी वनरक्षकानं वाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकल्या. तरणा मुलगा, बोलायला चांगला, पण कायद्याला पक्का. "सायकली बंद. पायी कोणीबी या." पायी यायचं तर पोरींना अंधारात निघावं लागणार. सायकलनं यायचं तर मोठा रस्ता, आणि तिथं ते ट्रॅक्टर. वस्तीवरचे बाप बोलायला लागले, की राहू द्या मग शाळा, घरी काय कामं कमी आहेत? दोन पोरींची दप्तरं खुंटीला लागलीसुद्धा. आमची ऋतुजा नुसती गुडघ्याला पट्टी लावून सायकलीला फेरी मारत राहिली. ब्रेक, हवा, चेन.

त्या दिवशी व्याही माझ्याकडं आले आणि ओट्यावर बसले. बसले, असं मी लिहितेय, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. मी घाबरूनच विचारलं, "काय होतंय का इवाई? पाणी देऊ?" तर म्हणाले, "बत्तीस वर्षांत माज्या बेलवर माणूस पडलं न्हाई, इहीनबाई. आन पडलं तर नातीच्या हातनं पडलं." थोड्या वेळानं उठले, वासा धरल्यासारखा हात वर केला, खाली घेतला आणि तडक वनरक्षकाकडं गेले. तो म्हणाला, "गोदामावशीची हरकत नसंल तर मी फांद्या काढतो. पण बोलणं तिथंच, त्या वळणावर, सगळ्यांसमोर."

मीही गेले. हा सोहळा कोण सोडतं? खडकापाशी वस्तीवरचे आईबाप, पोरी, वनरक्षक आणि प्लॅस्टरचा हात गळ्यात बांधून गोदामावशी. व्याही मधे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. घंटी मी शिकवली. चूक माजी हाय." मी चाटच पडले. तिकिटावरचा आकडा चुकला तरी कागदालाच दोष देणारा हा माणूस! मावशी काही पाघळली नाही. तिनं विचारलं, "तुमाला येती का सायकल?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"न्हाई," ते म्हणाले. "गाडी सारी दुसऱ्यानंच चालवली. मी मागं हुबा."

आधी एक पोर फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि हसता हसता मावशीला ठसका लागला. ठसका थांबल्यावर ती म्हणाली, "मंग आता आयका. माज्या शेळीला तुमची घंटी कळत न्हाई, पायाचा आवाज कळतो. हितं वळणावर पोरींनी उतरायचं. सायकल हातात, पाय भुईवर, आन तोंडानं हाळी द्यायची. शेळी आदी, पायी माणूस मंग, चाक समद्याच्या मागं. शाळेच्या टायमाला मी शेळ्या जरा उशिरा काढीन. पर माजा हात बसंस्तोवर शेळ्या कोण वळणार?"

"मी वळतो," व्याही म्हणाले.

फांद्या निघाल्या. पोरी दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या, खुंटीवरची दप्तरंही आली. आणि पुढं दीड महिना आमच्या व्याह्यांनी शेळ्या वळल्या. काय वर्णन करू! प्रत्येक झाडाखाली थांबून मोजणी. एक शेळी मागं राहिली तर बाकीच्यांना म्हणायचे, "पुढं सरका, पुढं सरका." मावशी खडकावर बसून हुकूम सोडायची, "ओ कंडक्टर, ती काळी उतरली बगा तुमची मधल्याच ष्टापला!" आणि हे तिच्यामागं धावायचे. मावशीचा हात बसला, शेळ्या परत गेल्या, तरी ह्यांचं रोज सकाळी वळणावर उभं राहणं काही सुटलं नाही. पोरी उतरायच्या, हाळी द्यायच्या, चालत वळण ओलांडायच्या, आणि हे हात मागं बांधून बघत राहायचे. घंटीचं नाव नाही.

यंदा ऋतुजा दहावी झाली आणि पुढं शिकायला बीडला निघाली. नेकनूरहून एस.टी.त बसली. मी खाली उभी, माझी लेक डोळे पुसत उभी, आणि व्याही तिची ट्रंक चढवायला आत गेलेले. ट्रंक सीटखाली सरकवली, डोकी मोजली. गाडीतला ओळखीचा तरणा कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता, तो तिथूनच ओरडला, "काका, तुमचाच हात हाय की! द्या डबल." व्याह्यांनी वरची घंटीची दोरी धरली. धरली आणि तशीच धरून राहिले. ड्रायव्हर आरशातून बघतोय, माणसं बघताहेत, आणि बत्तीस वर्षं दोरी ओढलेला हात हलेना. शेवटी ऋतुजाच उठली. तिनं त्यांच्या हाताच्या वर दोरी धरली आणि दोनदा ओढली. टण, टण. ते घाईघाईनं उतरले, आणि गाडी गेली.

थोडा वेळ आम्ही तिघंही धुरळ्यातच उभे होतो. मग लेकीकडं न बघता ते मला म्हणाले, "इहीनबाई, त्या दिशी तुमच्या लेकीची गाडी मी लई लवकर सोडली."

मी म्हटलं, "चला, चहा टाकते." घरी आले. मी खुर्ची दिली. त्यांनी तिच्या पाठीला हात लावला आणि चहा उभ्यानंच घेतला, फक्त तोंड बीडच्या रस्त्याकडं करून.