घंटेआधीची धाड

माझी नात कॉम्प्युटरवर लढाया खेळते. परवा जेवताना ती तणतणत होती. तिच्या स्पर्धेत काही जण डाव सुरू होतो न होतो तोच, घर ना शेत, थेट समोरच्याच्या वस्तीवर तुटून पडतात म्हणे. असल्या डावाला बंदी घालावी की नाही, यावरून दोन तट पडलेत. "आजी, तुला नाही कळायचं ते," म्हणाली आणि आमटी वाढून घेतली. या एका प्रश्नावर मी केडगावात, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या माडीवर, माझी नोकरी टांगणीला लावली होती, हे त्या आमटीच्या वाटीला काय सांगणार?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या माडीवर टायपिंगचा क्लास होता आणि मी तिथली बाई. चाळिशीला टेकलेली, पदर खोचलेली, आणि स्वतःच्या दहा बोटांचा नको तितका गर्व असलेली. कोणी कळांकडे बघून टाईप करायला लागलं की मी त्याच्या हातांवर पुठ्ठा धरायचे. नगर जिल्ह्यातले अर्धे कारकून माझ्या पुठ्ठ्याखालून गेलेत असं मला वाटायचं. कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगायचे.

क्लासचे मालक तरुणपणी कुस्त्या करायचे, म्हणून सगळे त्यांना पैलवानच म्हणत. त्या वर्षी पैलवानांनी चार कॉम्प्युटर आणले आणि ते शिकवायला पुण्याहून एक सर. सर माझ्या निम्म्या वयाचे. पोरं सगळी त्यांच्याभोवती, आणि मी कोपऱ्यात माझ्या मशिनींची धूळ पुसत.

दिवाळीच्या तोंडावर पैलवान माझ्या टेबलापाशी आले. बसले नाहीत.

"बाई, जानेवारीपासनं मशिनी काढायच्या म्हनतो. टायपिंगला आता कोन येतंय?"

"आणि मी?"

"कॉम्प्युटरची सकाळची बॅच तुमाला द्यायची माझी लई इच्छा हाय. पन पोरं मानतील का तुमाला? ती तुमाला टायपिंगवाल्या काकू म्हनत्यात."

माझे यजमान सुप्याला कारखान्यात होते, ते म्हणाले, "मग घरी बस की." ही बया घरी बसणारी असती तर अजून काय हवं होतं?

सुट्टीत सरांनी क्लासच्या जाहिरातीसाठी त्या लढाईच्या खेळाची स्पर्धा लावली. चारही कॉम्प्युटर वायरने जोडले. पैलवानांनी तिला जत्रेचं वळण दिलं: सगळ्यांना हरवेल त्याची शेवटची मानाची कुस्ती सरांशी. मी गेले आणि माझं नाव घातलं. पोरं हसली. पैलवान हसले नाहीत. हळूच म्हणाले, "सरांम्होरं टिकलात, तर पोरांची तोंडं आपोआप बंद हुतील."

खेळ सोपा होता. सुरुवातीला दोघांना एकेक झोपडी आणि मूठभर गडी मिळायचे. गड्यांनी झाडं तोडायची, धान्य पिकवायचं, त्यावर सैन्य उभं करायचं आणि मग लढाई. ज्याची झोपडी पडली तो हरला. दुपारी क्लास रिकामा असताना मी तो शिकले होते. शिकले म्हणजे काय, तो माऊस माझ्या हातात उंदरासारखाच पळायचा. पण प्रत्येक हुकमाला एक कळ होती, आणि कळा म्हणजे माझं माहेर. शिवाय दुपारची लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. शेत पिकवून सैन्य उभं करेपर्यंत पडदा काळा. म्हणून मी शेती सोडूनच दिली. डाव सुरू झाला की माझे लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन सरळ समोरच्याच्या झोपडीवर.

पहिल्या पोराने कपाळावर हात मारला. "काकू, हे काय? माझी अजून पेरणी चाललीय."

"मग पेर की. मी कुठं नको म्हणतेय?"

दुसरा हरला, तिसरा हरला, आता उरले फक्त सर, आणि माडीवर दंगा झाला. पोरांनी याला 'धाड' असं नाव पाडलं आणि धाड बंद करा म्हणून सरांना घेरलं. सरांनाही तेच हवं होतं. म्हणाले, "ही काही बुद्धीची लढाई नाही. हा दरोडा आहे. असंच चाललं तर मुलांना खेळ कळणारच नाही."

"ज्यांच्याशी मला उद्या खेळायचंय तेच नियम करणार?" मी म्हणाले. माझा आवाज खालच्या दुकानात गेला असणार, कारण तिथला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. "पैलवान, तुम्हीच सांगा. सलामी झाल्यावर पहिल्या झटक्यात पट काढला, पाय ओढून गडी चितपट केला, तर कुस्ती परत लावतात का? सलामीनंतर सगळं चालतं."

पैलवानांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई लावत. उलट फेटं उडवत्यात लोक."

मी जिंकलेच होते. तेवढ्यात माझ्याकडून हरलेलं एक पोरगं म्हणालं, "पण पैलवान, तिथं समोरचा उभा तरी असतो. आमचा अजून अंथरुणातनं उठलेला नसतो."

सगळे हसले. पैलवानही. आणि बोलणं खरं होतं, हे मलाही कळत होतं.

"हे बी खरंच हाय," पैलवान म्हणाले. मग निकाल दिला: घंटा होईपर्यंत, म्हणजे डावाची पहिली पंधरा मिनिटं, कोणी कोणावर हात उगारायचा नाही. जो उगारेल तो हरला. घंटा कुठली? तर मी टायपिंगच्या स्पीड टेस्टला वाजवायचे तीच, माझी पितळी घंटा. ती सरांच्या टेबलावर गेली.

मी पिशवी उचलून निघाले. धाड नाही म्हणजे मला काहीच येत नाही, हे मला आणि सरांना दोघांनाही माहीत होतं. सकाळची बॅच डोळ्यांपुढून चालली होती. वाटेत माझे वडील आठवले. आमचं माहेर खर्ड्याकडचं. शेजारचा शेतकरी वडिलांना जन्मात कधी वाकडं बोलला नाही, हात उगारणं तर लांबच. फक्त दर वर्षी नांगर धरला की बांध एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत कोरायचा. वडील गेले तेव्हा त्यांच्या बैलांना वळायला जागा उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडी भरली होती. पोरांचे बाप जिन्यात उभे. मी बसले तेव्हा बोटं गार पडली होती, मी ती पदराखाली चोळली. समोर सर, हाताची घडी घालून, शांत. पैलवान घंटेपाशी.

डाव सुरू झाला आणि माझे गडी सरळ सरांच्या वस्तीकडे निघाले. मागून कुजबुज उठली.

"बाई, नियम," सर म्हणाले.

"हात उगारलाय का मी?"

माझे गडी सरांच्या झोपडीला लांबून वळसा घालून थांबले आणि कुंपण घालायला लागले. लाकडाचं. माझी बोटं न बघता चालली होती. सर शेतं आखण्यात गुंतले होते. त्यांनी मान वर केली तेव्हा कुंपणाचं तोंड मिटलं होतं. शेतं आत, झाडं सगळी बाहेर. आणि लाकडाशिवाय त्या खेळात एक कोठारसुद्धा उभं राहत नाही. त्यांचे गडी कुंपणापर्यंत यायचे, आपटायचे, मागे फिरायचे.

"पैलवान, हे चालणार नाही," सर म्हणाले.

"तुमचाच नियम हाय सर. हात उगारायचा न्हाई असं ठरलं. बांध कोरायचा न्हाई असं कुटं ठरलं?"

"मग यावर पण बंदी घाला," एक पोरगं म्हणालं.

"उद्या काकू विहीर बुजवतील," अंथरुणवालं पोरगं म्हणालं. "कशाकशावर घालशील?"

सरांच्या कपाळावर घाम दिसत होता. घंटा लांब होती, आणि तोवर मी बाहेरची सगळी झाडं खाऊन टाकणार हे त्यांनाही दिसत होतं. मग त्या छोट्या स्पीकरमधून खट, खट असा आवाज आला. सरांच्या गड्यांनी माझ्या कुंपणावर कुऱ्हाड घातली होती.

पैलवान उठून उभे राहिले. "सर, घंटा झाली न्हाई."

सरांनी माऊसवरून हात काढला. त्यांचे कान लाल झाले होते. "हरलो मी," ते हळू म्हणाले.

संपलं होतं. बॅच माझी होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढंच मला आयुष्यात कधी जमलं नाही. काल याच माडीवर 'सलामीनंतर सगळं चालतं' म्हणून मी घसा फोडला होता. आता त्याच तोंडाने घंटेच्या आड कशी लपू? धर्मराजाची धाकटी बहीणच की नाही मी!

"चालू द्या," मी म्हणाले. "मला बंदी मान्यच नव्हती."

"बाई, इचार करा," पैलवान म्हणाले.

"केला. खेळा सर."

विचार कसला डोंबलाचा. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माऊस धरला. कुंपण पडलं. त्यांचे गडी झाडांकडे वळतील असं मला वाटलं होतं. ते वळले नाहीत. कुऱ्हाडी घेऊन सरळ माझ्या झोपडीकडे निघाले. माझे गडी लांब, विखुरलेले. घरी एक शेत नाही, दाणा नाही, राखायला कोणी नाही. मी कळा बडवत राहिले, पण पोचणार कोण? माझीच धाड, माझ्याच दारात. झोपडी पडली तेव्हा पैलवानांचा हात घंटेवर तसाच होता. ती वाजलीच नाही.

"बाई," सर म्हणाले, "बंदी काढून टाकू या." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी कोपऱ्यात गेले. मशिनीवर कापड घालायला लागले, म्हणजे कोणाकडे बघावं लागणार नाही. सकाळची बॅच गेली, जानेवारीत मीही जाणार. पोरं जिन्याकडे जातील म्हणून वाट बघत होते. पावलं आली ती माझ्या पाठीशी.

"बाई," अंथरुणवालं पोरगं म्हणालं. काकू नाही. "ते कुंपण माऊस न धरता कसं घातलंत? आम्ही तुमच्या हाताकडंच बघत होतो. तुम्ही तर बघतसुद्धा नव्हता."

मागे अजून चार-पाच जण होते. त्यांच्या मागे पैलवान, आणि बाजूला सर, तेही बोटांकडेच बघत.

"बस," मी म्हणाले.

ते कॉम्प्युटरपुढे बसलं. बसल्या बसल्या मान खाली घालून कळा शोधायला लागलं. मी मशिनीखालून माझा पुठ्ठा काढला आणि त्याच्या हातांवर धरला.