पुसिलॅनिमस आणि तेहतीस अनारसे

साडूला उत्तम इंग्रजी येतं, या दुखण्यावर औषध नाही.

आम्ही भांडुपचे, मी विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. माझ्या मेहुणीचे यजमान वसंतराव अंधेरीला साहेब. त्यांनी रंगीत टीव्ही घेतला, तो मी सहन केला. पण मुलुंडला सासुरवाडीत जमलो की हे गृहस्थ वरणभात कालवतानाही इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणार, आणि आमची शैला (म्हणजे माझीच बायको!) डोळे मोठ्ठे करून ऐकणार. मी स्टोव्हसारखा भगभग जळायचो.

त्या साली अधिक महिना आला. सासूबाईंनी जावयांना वाण द्यायला बोलावलं. म्हणजे दोघे जावई शेजारी-शेजारी पाटावर, पुढ्यात तेहतीस-तेहतीस अनारसे, आणि तुलना करायला अख्खं सासर! ठरवलं, या वेळी शैलाचे डोळे माझ्यामुळे मोठ्ठे व्हायला हवेत.

कारखान्याच्या वाचनालयातून डिक्शनरी आणली. शब्द काढला, पुसिलॅनिमस. म्हणजे भित्रा. मूळ लॅटिन, ‘पुसिलस’ म्हणजे चिमुकलं, ‘ॲनिमस’ म्हणजे मन. चिमुकल्या मनाचा माणूस! आठ दिवस दाढी करताना मोठमोठ्याने घोकला.

“अहो, पुरे ना! पोळ्या लाटताना माझ्याही तोंडात तेच येतंय,” शैला वैतागली.

पाटावर बसलो. वसंतराव सुरू व्हायच्या आत मी खाकरलो. सासरे चष्म्यावरून बघायला लागले.

“बोला, जावईबापू!”

“बोला ना, सुधाकरराव,” वसंतरावही म्हणाले.

मी पुढ्यातल्या ताटाकडे बघितलं.

“अनारसे... छान जाळीदार झालेत,” मी म्हणालो.

“ताई, तू तरी नाव घे गं!” मेहुणीने शैलाला आग्रह केला. शैलाने पदर सावरला.

“भित्र्याला इंग्रजीत म्हणतात पुसिलॅनिमस,
सुधाकररावांचं मन तेवढंच, पण लाख माणूस!”

घर हसून लोटपोट! वसंतरावांचा घास हातातच राहिला.

“ताई, हा शब्द मलाही ठाऊक नव्हता हो!”

मग शैलाने त्यांना शब्द फोडून, लॅटिनसकट समजावून दिला. ते डोळे मोठ्ठे करून ऐकत होते. साडूचा हेवा परवडला. आता मी बायकोवर जळत होतो!

“शैले, तुला हे कुणी शिकवलं गं?” सासऱ्यांनी विचारलं.

तिने कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. सगळं सासर वळलं. आठ दिवस ज्या क्षणासाठी घोकंपट्टी केली तो समोर उभा होता, आणि मी घाबरून दोन अनारसे एकदम तोंडात कोंबले!