इंजिनाचा मुहूर्त

"तिला काय विचारतोस, तिला इंजिनातलं काय कळतंय?" दादाचा मित्र हळू आवाजात म्हणाला. मी चहाचा ट्रे घेऊन गॅरेजच्या दारातच उभी होते.

बारा वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं जुन्या गाडीचं इंजिन दादाने इकडे परदेशात, जॉन्सनव्हिलच्या आमच्या गॅरेजमध्ये पुन्हा बांधायला घेतलं होतं. त्याचे मित्र सगळे आयटीतले. त्यामुळे दर शनिवारी आधी मीटिंग व्हायची, व्हाइटबोर्डवर कामं वाटली जायची आणि दमून सगळे जेवायला बसायचे. घासपूस माझ्याकडे आली, कारण मला नाही म्हणता येत नाही. आत कचरा जाऊ नये म्हणून हवा जायच्या चारही भोकांत मी माझ्या जुन्या पायजम्याचे बोळे कोंबले होते. आज सकाळी याच मित्राने ते काढून वरचे पाइप बसवले.

आता गाडीतल्या इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, नारळ फुटला होता आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आई ओरडत होती, "अरे, राहुकाळ लागेल, आटपा!"

कचऱ्याच्या डब्यात मला बोळे दिसले. तीन. पुन्हा मोजले, तरी तीनच. चौथा आत असेल, तर किल्ली फिरवताच इंजिन तो ओढून घेणार आणि सगळी मेहनत पाण्यात जाणार.

"स्वीट अ‍ॅज!" मित्र इथल्या लोकांच्या थाटात म्हणाला. "एकदम झकास! अगं, चहा ठेव, शूटिंग कर."

दादाने किल्लीला हात घातला.

"थांब दादा," मी म्हणाले, "माझा पाव पायजमा अजून आत आहे."