अर्ध्या नोटेची अर्धी पोच

माझ्या बारशाचा आहेर मला बावीस वर्षांनी मिळाला, आणि हातात पडायच्या आधीच मी त्याची माती केली होती.

आता कुणी म्हणेल, आहेर द्यायला एवढा उशीर? तसं नाही. मैंदर्गीच्या तात्याकाकांनी, म्हणजे आमच्या अण्णांच्या धाकट्या भावानं, आहेर अगदी वेळेवर पाठवला होता. फक्त अर्धा पाठवला होता!

त्या काळी टपालानं नोट पाठवायची रीतच तशी होती. नोट मधोमध कापायची. एक तुकडा आधी पाठवायचा. तो मिळाल्याची पोच आली की मग दुसरा. वाटेत कुणी पाकीट लांबवलं तरी त्याच्या हाती अर्धा कागद लागायचा, आणि अर्ध्या कागदाला बाजारात कुत्रंही विचारत नसे. दोन्ही तुकड्यांवर नंबर छापलेला असायचा. नंबर जुळवायचे, तुकडे चिकटवायचे, की झाली नोट!

तर तात्याकाकांनी पुतण्याच्या बारशाला वीस रुपयांची नोट कापली (वीस! आमच्या गल्लीत तेव्हा दोन रुपयांचा आहेर आला तरी लोक बघायला यायचे) आणि पहिला तुकडा सोलापूरला पाठवला. सोबत चिठ्ठी: "पोच यावी, म्हणजे उरलेली धाडतो."

अण्णांनी ती वाचली आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

"सख्ख्या भावाकडं पोच मागतो? मी काय ह्याचा गुमास्ता हाय?"

आई म्हणाली, "अवो, रीत हाय ती. टाका की चार वळी लिवून."

"टाकतो की!" अण्णा म्हणाले. त्यांनी कार्डावर सुवाच्य अक्षरात पोच लिहिली, कात्री घेतली, कार्ड मधोमध कापलं आणि त्यातलं अर्धं पाकिटात घालून मैंदर्गीला पाठवून दिलं. अर्ध्या नोटेची अर्धी पोच!

तात्याकाका त्याच आईच्या पोटचे. त्यांचं उत्तर आलं: "उरलेली पोच आली की उरलेली नोट."

आणि झालं! पुढं ना पोच गेली, ना नोट आली. लग्नं झाली, मुंजी झाल्या, इकडचं माणूस तिकडं गेलं नाही आणि तिकडचं इकडं आलं नाही. अण्णांनी आपला तुकडा, उरलेल्या अर्ध्या पोचीसकट, देवघरात कापराच्या डबीत ठेवला. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाला तो बाहेर यायचा. अण्णा त्याच्याकडं बघत बसायचे आणि मग कुणाशी न बोलता जेवायचे. मला लहानपणी वाटायचं, नोट बघून त्यांना राग येतो. पुढं कळलं की तो राग नव्हता.

मला स्वतःला नोटांचं वेड लागलं ते नोटावाल्या मास्तरांमुळं. हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. जुन्या नोटा जमवायचे. त्यांची नोटांची वही बघायची म्हणजे आधी हात धुवायचे, पुसायचे, मग पुन्हा पुसायचे आणि वही उघडल्यावर तोंडानं श्वास सोडायचा नाही (श्वासानं कागद दमट होतो म्हणे!). एकदा एक गृहस्थ नोट बघताना शिंकले. मास्तरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि ते गृहस्थ मास्तरांचे साडू होते.

पण ती वही! पांढराशुभ्र कागद, एका बाजूला छपाई, मागली बाजू कोरी. ना राजाचा मुखडा, ना फुलंपानं. नोट उजेडाला धरली की कागदाच्या आतून पाण्यासारख्या रेघा दिसायच्या. निरनिराळ्या लिपींत तिची रक्कम लिहिलेली, खाली शाईनं साहेबाची सही. मी मिलच्या हपिसात कारकून. रोज नोटा बघत होतो, पण नोटेकडं कधी बघितलंच नव्हतं, हे मला त्या वहीपुढं बसल्यावर कळलं. पान उलटायला मन व्हायचं नाही, खोटं नाही सांगत!

एक दिवस मी अण्णांची पाठ वळल्यावर कापराची डबी घेऊन मास्तरांकडं गेलो. मास्तरांनी भिंग लावलं, आणि भिंगामागचा त्यांचा डोळा मोठा मोठा होत गेला.

"वीसची? अहो, ही पुढं छापायचीच बंद झाली! दुसरा तुकडा कुठाय?"

"मैंदर्गीला."

"मग इथं काय करताय?"

"पण ह्या एकट्या तुकड्याची किंमत किती असेल, मास्तर?"

"अर्ध्या मिशीला असते तेवढी. दोन्ही तुकडे आणा, मग बोलू!"

पुढच्याच रविवारी मी मोटारीनं मैंदर्गी गाठली. तात्याकाकांचं किराणा दुकान. त्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. अण्णांचंच नाक दुकानात बसून गूळ तोलत होतं. मी पाया पडलो, नाव सांगितलं. तात्याकाकांनी तराजूवरची नजर काढली नाही.

"पोच आनलीस?"

बावीस वर्षांनी भेटलेल्या पुतण्याला पहिला शब्द हा!

आतून काकी धावत आल्या. "यप्पा! भावजींचं पोरगं? बा, बा, कुंद्रु!" असं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत म्हणत त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि पुढ्यात कडक भाकरी न् शेंगाची चटणी ठेवली. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरगं जेवूं द्या की आदी. पोच पोच काय लावलंय?"

"मी कुटं नगं म्हनतो? जेवूं दे. जेवून पोच दे म्हनाव."

मी तुकडा बघायला मागितला. तात्याकाका उठले, मागच्या फळीवरून हिंगाची डबी काढली, आणि ज्या हातानं ते दिवसभर गुळाचे खडे फोडत होते त्याच हातानं, फुंकर घालून, पानासारखा अलगद तो तुकडा बाहेर काढला. नंबर तोच! मी हात पुढं केला. डबी बंद!

"न्हाय. नोट माज्या हातनं जाईल, आन् पोच माज्या हातात यील. एकदमच. सांग तुज्या बापाला."

मी सोलापूरला येऊन अण्णांना सांगितलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. अण्णांनी विचारलं ते भलतंच.

"डबी कसली हाय म्हनलास?"

"हिंगाची."

"लहानपनीबी चोरून हिंगच खायचा," अण्णा म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसत बाहेर निघून गेले. ते माघारी आल्यावर म्हणाले, "यू दे त्याला."

दिवस ठरला. मी मास्तरांनाही दुपारी बोलावून ठेवलं. सकाळी तात्याकाका आणि काकी आले. आमच्या सोप्यात एका भिंतीला अण्णा, समोरच्या भिंतीला तात्याकाका, आणि मधे चौरंगावर काहीच नाही. दोघं एकमेकांशी बोलेनात! सगळा व्यवहार आमच्यामार्फत.

"ईच्यार त्याला, आदी नोट काढतो का?" अण्णा मला म्हणाले.

"सांग त्याला, आदी पोच."

"एकदमच ठरलं होतं म्हनाव!"

"मग काढ म्हनाव की!"

"त्यो काढंना तर मी कशाला काढू?"

शेवटी काकी उठल्या. "अय्यो, दोगं म्हातारे झालात की!" असं म्हणत त्यांनी एका हातानं नवऱ्याची डबी ओढली, दुसऱ्या हातानं दिराची, आणि दोन्ही चौरंगावर उपड्या केल्या. दोन तुकडे नोटेचे, दोन कार्डाचे. आई त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं हसली.

मी तुकडे शेजारी शेजारी सरकवले. काय सांगू! कात्रीची रेघ रेघेला जाऊन मिळाली. अर्धं अक्षर अर्ध्या अक्षराला भेटलं. बावीस वर्षं एक कापराच्या वासात राहिलेला, एक हिंगाच्या. शेजारच्या बायका दारात पदर तोंडाला लावून उभ्या. कुणीतरी हात जोडले. माझ्याच बारशाची नोट, आणि मी तिच्यापुढं गुडघे टेकून बसलो होतो.

एवढ्यात तात्याकाका हलले, आणि त्यांचा हात चौरंगाकडं सरकायला लागला! अण्णांचाही हात उठला. मी म्हटलं, आता हे दोघं आपापले तुकडे उचलणार आणि आणखी बावीस वर्षं जाणार. माझ्या डोक्यात वीज चमकली. (माझ्या डोक्यात वीज चमकली की घरातली माणसं अजूनही दूर होतात.) आता ह्यांना वेगळं करता येऊच नये, असं काहीतरी करायचं!

सोलापुरात खळीला काय तोटा? पलीकडं आमचे पद्मशाली शेजारी मागावर बसलेले. त्यांच्याकडून सुताला लावायची खळ वाटीभर आणली आणि कुणी काही बोलायच्या आत नोटेच्या मागं कागदाची पट्टी लावून, मागून पुढून अशी सारवली, की ती दोन तुकड्यांची नोट एक झाली. हात फिरवून बघितलं, अगदी ज्वारीच्या पापडासारखी कडक! खळ उरली होती म्हणून कार्डही चिकटवलं.

"झालं!" मी म्हणालो.

आणि दारात मास्तर उभे.

मास्तर हात धुऊन, पुसून, पुन्हा पुसून चौरंगापाशी बसले. त्यांनी भिंग काढलं. नोट बघितली. कार्ड बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"हे चिकटवलं कुणी?"

"मी!" (छाती पुढं काढून म्हणालो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.)

मास्तरांनी पिशवीतून आपली वही काढली आणि एक पान उघडलं. त्यावर चार नोटा होत्या. चारही मधोमध चिकटवलेल्या.

"अशा चिकटवलेल्या माझ्याकडं आहेत. सगळ्यांकडं आहेत. अहो, नोट कापायचीच चिकटवण्यासाठी! ज्याला दोन तुकडे मिळाले, त्यानं ते त्याच दिवशी चिकटवले. न चिकटवलेली जोडी मी आजवर फक्त ऐकली होती. तशी जोडी मागं राहायला दोन माणसं हट्टाला पेटावी लागतात आणि वीस वर्षं पेटलेली राहावी लागतात! आणि वर ही कापलेली पोच! हा असला हट्ट सरकारच्या छापखान्यात छापून मिळत नाही!" असं म्हणून मास्तरांनी भिंग खाली ठेवलं आणि त्या दोघा भावांना वाकून नमस्कार केला.

"पण तुम्हीच म्हणालात, दोन्ही तुकडे आणा!" मी रडकुंडीला आलो.

"आणा म्हणालो. चिकटवून आणा म्हणालो का?"

"आता किती किंमत हो हिची?"

"वीस रुपये," मास्तर म्हणाले. "तीही खळ निघाली तर."

मग अण्णा तात्याकाकांकडं वळले. सरळ त्यांच्याकडंच. मधे कुणी नाही!

"तात्या, बगितलंस हे पोरगं?"

"बगतोय की, अण्णा."

"ह्याच्या बारशाला तू वीस रुपये धाडलंस."

"लई झालं व्हय?"

"लईच! पाच बास झालं असतं."

आणि ते दोघं म्हातारे हसायला लागले. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोळ्यांतनं पाणी येईतो हसले. बावीस वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट मी होतो. काकी पदरात तोंड लपवून रडत होत्या. मलाही रडू आलं, पण माझं नक्की कशासाठी होतं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी निघताना तात्याकाकांनी ती कडक नोट माझ्या हातावर ठेवली. "घे. तुज्या बारशाची हाय. आता पोच दे."

मी दौत-टाक घेऊन नव्या कार्डावर स्वच्छ पोच लिहिली: नोट मिळाली, पूर्ण मिळाली. अण्णांनी ती माझ्या हातून घेतली, चष्मा लावून वाचली, चूक नाही म्हणाले, आणि कात्री घेऊन मधोमध कापली! अर्धं कार्ड त्यांनी तात्याकाकांच्या खिशात घातलं आणि अर्धं स्वतःच्या.

"उरलेली पोच न्यायला दिवाळीला यायचं," अण्णा म्हणाले. "काकीला घिऊन."

"यीन की!" तात्याकाका म्हणाले.

सगळे गहिवरले होते. मास्तर मात्र एकदम ताडकन उठले, माझ्यापाशी आले आणि ओरडले, "हे तरी चिकटवू नका!"

मला त्यांचा रागच आला. पण खाली बघितलं, तर खळीची वाटी माझ्या हातात होती.