पालकांनी बाहेर थांबा, म्हणे!

आज वकिलीच्या सनदेची परीक्षा दिली. वय बावन्न. बिबवेवाडीहून लेकीने स्कूटरवर सोडलं.

गेटवर ही गर्दी! वॉचमनने लेकीला आत जायची खूण केली आणि मला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबा."

"अहो, पालक ती आहे. परीक्षा माझी."

हॉल तिकीट पाहून म्हणाला, "या वयात?"

"वयाची अट नाहीये. आपल्याला शंका असेल तर पेपरनंतर बोलू. आत्ता बाजूला व्हा."

झाला बाजूला.

पेपर देऊन बाहेर आले, तर लेक झाडाखाली इतर आयांमध्ये बसलेली. एकजण तिला विचारत होती, "तुमचं कोण आत आहे?"

"आमची आई," लेक म्हणाली. वॉचमनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा.

नापास झाले तर पुन्हा त्याच गेटने आत जाईन. तुम्हाला कुठल्या गेटवर अडवलं होतं? आणि तुम्ही का थांबलात?