पाच सवाष्णी आणि माझं तत्त्वज्ञान

पाच हा आकडा जगात कुठेच नसतो, हे मी विसाव्या वर्षी सिद्ध केलं आणि त्या दिवशी आमचं सगळं घर उपाशी राहिलं.

गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. मी पणजीला तत्त्वज्ञान शिकत होतो आणि सुट्टीला पेडण्याच्या घरी आलो होतो. ताईचं लग्न ठरलं म्हणून आईला नवस फेडायचा होता: पाच सवाष्णींना जेवण. आवतण द्यायला मला धाडलं.

"पाच म्हणजे पाचच हां!" आईने बजावलं. "दारात इलेली सवाशीण उपाशी धाडूची नाय."

पहिलं घर शेजारच्या रखमाकाकीचं. तिने सहज विचारलं, "पाचांत माका धरलंस मां?"

इथेच माझी मती फिरली. मी पुस्तकी मराठीत सुरू झालो. "काकी, पाच नारळ दिसतात, पाच बोटं दिसतात. नुसतं पाच कुणी पाहिलंय?"

"गोवा राज्य झाला, ता तरी खंय दिसता? पण आसा मां?"

(हा मुद्दा आमच्या सरांनाही सुचला नव्हता! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

"मगे मी येव काय नको?"

"या की!"

मला चेव चढला. घरोघरी बायका हातातलं काम टाकून ऐकू लागल्या. एवढं ऐकवून आमंत्रण न देता उठणं बरं दिसेना!

दुपारी ओसरीवर चौदाजणी बसल्या. आईने दोनदा मोजल्या.

"ह्यो पाच?"

"आई, तत्त्वतः..."

"तत्त्व चुलीत घाल!"

तिचे डोळे भरले होते. एक जरी उपाशी गेली तर ताईच्या संसाराला बोल लागेल, ही तिची धास्ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग घरच्यांचे वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, बाबांच्या वाटणीची खीरसुद्धा चौदा पानांत गेली. सगळ्या पोटभर जेवल्या, ताईला तोंडभर आशीर्वाद देऊन गेल्या. तेव्हा कुठे आईने सुटकेचा निःश्वास सोडला.

मी पान घेऊन बसलो. आईने त्यावर नुसताच हात फिरवला.

"घे, पाच वडे."

"खंय आसत?" माझी पुस्तकी मराठी पळाली होती.

"तूच सांगलंस मां, पाच खंयच नसतत म्हणान?"

उपाशी बाबासुद्धा पोट धरून हसले.

आता मी कॉलेजात तत्त्वज्ञानच शिकवतो. आकडे असतात की नसतात, यावर अजून माझं मत पक्कं झालेलं नाही. पण जेवायला बसलो की आधी पानातले वडे मोजून घेतो!